सागर पोहून जाणारे मिहिर सेन



या वेळच्या भित्तिपत्रकात मी मिहिर सेन यांची माहिती लिहीत आहे. त्यांनी समुद्र पोहून पार केले. एक नव्हे, एका वर्षात पाच ठिकाणी. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणूनच मी ते निवडलं.

आपल्या बारामती-इंदापूर भागात पोहणं नवीन नाही. इकडे नीरा, तिकडे भीमा, दोन्ही नद्यांचा संगम आपल्याच तालुक्यात नीरा नरसिंहपूरला. शिवाय नीरा डावा कालवा, उजनीचं पाणी आणि गावोगावच्या विहिरी. पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून पोरं विहिरीत पडतात आणि आठवड्याभरात मुटके मारायला लागतात. मग मिहिर सेन यांचं एवढं काय, असं कुणी विचारील. मी त्यांच्याविषयी लिहितो ते ते लांब पोहले एवढ्यासाठीच नाही. लोकांनी त्यांना अडीअडचणीला जे दिलं, ते त्यांनी स्वतःपाशी ठेवून घेतलं नाही, पुढं दिलं. मला ही गोष्ट त्यांच्या पोहण्याइतकीच मोठी वाटते.

मिहिर सेन यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९३० रोजी पुरुलिया येथे झाला. तेव्हा हा भाग बिहारात होता, १९५६ पासून तो पश्चिम बंगालमध्ये आहे. वडील डॉक्टर होते, पण घरची परिस्थिती बेताचीच होती. मिहिर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आई लीलावती यांनी ठरवलं की मुलाला चांगली शाळा पाहिजे. म्हणून ते कुटुंब ओडिशातल्या कटक शहरात राहायला आलं. पण शाळेला पैसे लागतात. तेव्हा त्या माउलीने दूध विकलं, अंडी विकली आणि त्यातून मुलाचं शिक्षण केलं.

हे वाचलं आणि मी थांबलोच. आपल्या शाळेतल्या किती जणांच्या आया पहाटे उठून धारा काढतात आणि डेअरीला दूध घालतात! किती जणींच्या वह्या-पुस्तकांचे पैसे कोंबड्यांच्या अंड्यांवर आलेले असतात! मोठ्या माणसांच्या आया वेगळ्या असतात असं मला पूर्वी वाटायचं. तसं काही नसतं. समुद्र पार करणाऱ्या माणसाची आईसुद्धा दूध आणि अंडीच विकत होती.

मिहिर शिकले. उत्कल विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं, पण जायचं कसं? बोटीच्या तिकिटाचेसुद्धा पैसे नव्हते. तेव्हा बिजू पटनायक यांनी त्यांना मदत केली. हे बिजू पटनायक पुढं ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. मिहिर यांना तिसऱ्या वर्गाचं तिकीट मिळालं आणि खिशात दहा पौंड आले. एवढ्या शिदोरीवर १९५० साली तो तरुण इंग्लंडच्या बोटीत चढला.

लंडनमध्ये दहा पौंड किती दिवस पुरणार? त्यांनी रेल्वे स्टेशनवर रात्रपाळीला हमाली केली. पुढं इंडिया हाऊस या आपल्या देशाच्या कचेरीत त्यांना नोकरी लागली. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात अभ्यास. अशा रीतीने ते १९५४ साली बॅरिस्टर झाले. हमाली करत बॅरिस्टर होणं हीसुद्धा एक खाडी पोहून जाण्यासारखीच गोष्ट आहे.

त्याच काळात त्यांनी वर्तमानपत्रात फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन बाईंविषयी वाचलं. त्या १९५० साली इंग्लिश खाडी पोहून गेल्या होत्या. मिहिर यांच्या मनात आलं, आपल्या देशातल्या कुणी हे का करू नये? देश नुकताच स्वतंत्र झालेला. आपली माणसं कशातही कमी नाहीत हे जगाला आणि त्याहीपेक्षा आपल्याच तरुणांना दाखवून द्यावं, असं त्यांना वाटू लागलं. गंमत अशी की तोपर्यंत त्यांना धड पोहताही येत नव्हतं. वाय. एम. सी. ए. च्या तलावावर जाऊन ते पोहायला शिकले. म्हणजे आपल्या विहिरीवरचं दहा वर्षांचं पोरगंसुद्धा त्या वेळी त्यांच्यापेक्षा बरं पोहलं असतं!

आता इंग्लिश खाडी म्हणजे काय ते सांगतो. इंग्लंड आणि फ्रान्स या दोन देशांच्या मधला हा समुद्र. जिथं तो सगळ्यात अरुंद आहे तिथं सुमारे ३४ किलोमीटर आहे. बारामतीहून इंदापूर सडकेने सुमारे ५० किलोमीटर, त्यापेक्षा ही वाट कमीच. पण समुद्र सडकेसारखा सरळ नसतो. भरती-ओहोटीचं पाणी काही तास एका बाजूला ओढतं आणि मग उलट्या बाजूला. पोहणारा समोर हात मारतो आणि पाणी त्याला आडवं घेऊन जातं. त्यामुळे त्याची वाट नागमोडी होते आणि अंतर पुष्कळ वाढतं. १८७५ साली मॅथ्यू वेब नावाचे कप्तान ही खाडी पहिल्यांदा पोहून गेले, तेव्हा त्यांना २१ तास ४५ मिनिटे लागली होती.

दुसरा शत्रू म्हणजे थंडी. तिथलं पाणी उन्हाळ्यातही गारठवून टाकतं. म्हणून पोहणारे अंगाला चरबी चोपडतात. आणि नियम मोठा कडक. सोबत बोट असते, पण तिला हात लावायचा नाही. कुणी आधार द्यायचा नाही. खाणं-पिणंसुद्धा पाण्यात तरंगतच. बोटीला हात लागला की त्या दिवसाची सगळी मेहनत गेली.

मिहिर सेन यांनी १९५५ साली पहिला प्रयत्न केला. हवा बिघडली आणि तो फसला. पण ते हटले नाहीत. हातात भरपूर पैसा नव्हता, बोट भाड्याने घ्यायची, सराव करायचा, नोकरी सांभाळायची. अखेर २७ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी इंग्लिश खाडी पार केली. वेळ लागला १४ तास ४५ मिनिटे. ही खाडी पोहून जाणारे ते पहिले भारतीय ठरले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

इथपर्यंत कुणालाही वाटेल की झालं, नाव मिळालं, आता सुखाने वकिली करावी. ते कलकत्त्याला आले, हायकोर्टात वकिली सुरू केली. पुढं रेशमी कपड्यांचा धंदाही केला. पण खरी गोष्ट इथून पुढंच आहे.

कलकत्त्यात आरती साहा नावाची एक मुलगी होती. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये ती बारा वर्षांचीसुद्धा नसताना पोहली होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या सातारा जिल्ह्याच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, हे आपण पुस्तकात वाचलं आहे. आरतीलाही इंग्लिश खाडी पोहायची होती. ढाक्याचे ब्रोजेन दास हे १९५८ सालीच ही खाडी पोहले होते. त्यांनी आरतीला पाठिंबा दिला. मिहिर सेन यांनीही तिला उत्तेजन दिलं. आपण मिळवलेला मान आपल्याच नावावर राहावा, दुसरं कुणी येऊ नये, असं त्यांच्या मनात आलं नाही. २७ ऑगस्ट १९५९ रोजी आरतीचा पहिला प्रयत्न फसला. तिने पुन्हा उडी घेतली आणि २९ सप्टेंबर १९५९ रोजी १६ तास २० मिनिटांत खाडी पार केली. अशी कामगिरी करणारी ती आशियातली पहिली स्त्री. १९६० साली तिलाही पद्मश्री मिळाली.

मला वाटतं, शर्यतीत पहिला येणं अवघड असतं, पण आपल्या मागून येणाऱ्याला वाट दाखवणं त्याहून अवघड असतं. आपण वर्गात पाहतोच. गणित सुटलं की काही जण वही हाताने झाकतात. मिहिर सेन यांनी वही झाकली नाही.

नंतर त्यांनी आणखी मोठा बेत केला. एका वर्षात जगातल्या पाच ठिकाणचे समुद्र पोहायचे! ते साल होतं १९६६.

पहिली पाल्कची सामुद्रधुनी. दोन जमिनींच्या मधल्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्याला सामुद्रधुनी म्हणतात, हे आपल्याला भूगोलात आहे. आपला देश आणि श्रीलंका यांच्यामध्ये पाल्कची सामुद्रधुनी आहे. रामाने जिथं सेतू बांधला म्हणतात, तोच हा भाग. या पोहण्याला नौदलाची मदत घ्यायची तर पंचेचाळीस हजार रुपये खर्च होता. तेव्हाचे पंचेचाळीस हजार म्हणजे केवढी रक्कम! निम्मे पैसे मदत करणाऱ्यांकडून उभे राहिले, त्यात स्टेट्समन या वर्तमानपत्राचा मोठा वाटा होता. बाकीचे पैसे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मिळवून दिले. नौदलाने सुकन्या आणि शारदा अशी दोन जहाजे बरोबर दिली.

५ एप्रिल १९६६ रोजी मिहिर सेन श्रीलंकेच्या तलाईमन्नार येथून पाण्यात उतरले. त्या पाण्यात शार्क मासे आणि विषारी साप असतात. ते रात्रभर पोहले आणि ६ एप्रिलला आपल्या धनुष्कोडीला लागले. वेळ २५ तास ३६ मिनिटे. म्हणजे आज सकाळी दहाच्या घंटेला पाण्यात उतरायचं आणि उद्या साडेअकरा उलटून गेल्यावर बाहेर यायचं. मध्ये झोप नाही, बसणं नाही, जमिनीला पाय नाही. ज्या धनुष्कोडीला ते पोहोचले ते गाव डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेलं होतं.

त्यानंतर २४ ऑगस्टला त्यांनी जिब्राल्टरची सामुद्रधुनी ८ तास १ मिनिटात पार केली. ती युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये आहे. १२ सप्टेंबरला तुर्कस्तानातली दार्दानेल्सची सामुद्रधुनी १३ तास ५५ मिनिटांत. २१ सप्टेंबरला तिथलीच बॉस्फरसची सामुद्रधुनी ४ तासांत. आणि शेवटी २९ ते ३१ ऑक्टोबर या दिवसांत मध्य अमेरिकेतला पनामा कालवा, ३४ तास १५ मिनिटांत. हा कालवा अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन महासागरांना जोडतो. तो सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. बारामतीहून इंदापूरला जायचं आणि परत फिरून निम्म्याहून जास्त वाट चालायची, एवढं ते अंतर. आपल्याला एस.टी.त बसून कंटाळा येतो!

१९६७ साली सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवलं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. एवढं सगळं झाल्यावर मिहिर सेन यांनी काय केलं? त्यांनी कलकत्त्यात एक्सप्लोरर्स क्लब ऑफ इंडिया नावाची संस्था चालवली. साहस करणाऱ्या तरुणांना आधार द्यायचा, हा तिचा उद्देश. ज्यांच्या अंगात हिंमत आहे पण पाठीशी कुणी नाही अशा मुलांचं काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. स्वतः त्यातूनच आलेले ना! १९६९ साली पिनाकी चटर्जी आणि जॉर्ज ड्यूक हे दोन तरुण वल्ह्यांची होडी हाकत कलकत्त्याहून भर समुद्रातून अंदमानला गेले. त्या धाडसाला या क्लबचा आधार होता. आणि त्या होडीचं नाव काय होतं माहीत आहे का? कान्होजी आंग्रे! आपल्या मराठी आरमाराच्या सरखेलांचं नाव त्या होडीला होतं. हे वाचून मला फार अभिमान वाटला.

असा हा हिशेब आहे. आईने दूध-अंडी विकून दिलं. बिजू पटनायकांनी तिकीट दिलं. अनेकांनी पैसे दिले, नौदलाने जहाजे दिली. मिहिर सेन यांनी ते आरतीला उत्तेजन देऊन, क्लब काढून, तरुणांच्या मनात हिंमत भरून पुढं दिलं. दान म्हटलं की आपल्याला मंदिराच्या पावतीवरचा आकडा आठवतो. पण आपल्याला जे जमलं ते दुसऱ्यालाही जमावं म्हणून झटणं, हेही दानच आहे, आणि त्याला श्रीमंत असावं लागत नाही.

त्यांचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. हे लिहावं की नाही, असा मला प्रश्न पडला होता. भित्तिपत्रकात सगळं चांगलंच लिहावं असं काही जणांचं मत आहे. पण खरं ते लिहावं, असं मला वाटतं. १९७७ साली पश्चिम बंगालच्या विधानसभा निवडणुकीत ते ज्योती बसू यांच्या विरुद्ध अपक्ष म्हणून उभे राहिले आणि हरले. त्यानंतर त्यांचा धंदा बसला, पैसा गेला. मग आजारपण आलं आणि त्यांची स्मरणशक्ती गेली. ज्या माणसाने पाच समुद्र पार केले, त्यालाच ते आठवेनासे झाले. आणि लोकही त्यांना विसरत गेले. ११ जून १९९७ रोजी कलकत्त्यात त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते.

त्यांची आठवण जाणं हा आजार होता, त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण आपण त्यांना विसरणं हा आजार नाही, ती आपली चूक आहे. तिला इलाज आहे. तो म्हणजे वाचणं, सांगणं आणि त्यांच्यासारखं थोडं तरी वागणं.

त्यांनी दाखवलेली वाट मोडलेली नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, पुणे शहराच्या रोहन मोरे यांनी जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या आणि खाड्या पोहून २०१८ साली हा पराक्रम पूर्ण केला. असं करणारे ते पहिले भारतीय. म्हणजे १९५८ साली एका माणसाने उघडलेलं दार साठ वर्षांनीही उघडंच होतं.

शेवटी दोन गोष्टी सांगतो. एक वर्गमित्रांना आणि एक पालकांना.

मित्रांनो, हे वाचून कुणी एकट्याने कालव्यात नाहीतर उजनीच्या पाण्यात उडी टाकू नका. कालव्याचं पाणी वरून संथ दिसतं, पण खालून ओढ असते, आणि कडेच्या शेवाळावर पाय ठरत नाही. मिहिर सेन यांच्यासोबत दर वेळी बोट होती, माणसं होती. धाडस आणि आगाऊपणा यात एवढाच फरक आहे. ज्यांना पोहता येतं त्यांनी लहान पोरांना चिडवून पाण्यात ढकलू नये. मोठं माणूस जवळ असताना त्यांना शिकवावं. आपल्याला कुणीतरी शिकवलंच होतं की!

पालकांनो, आपल्याकडे मुलं विहिरीवर जातात आणि मुली कपडे धुवायला जातात. मुलींना पोहायला कुणी शिकवत नाही. पाण्यात पाय घसरला तर मुलगा बाहेर येतो आणि मुलगी येत नाही. आरती साहा मुलगीच होती. तिच्या मागे उभी राहणारी माणसं होती म्हणून ती समुद्र पार करू शकली. आमच्या बहिणींना निदान विहीर पार करता येऊ द्या.

विहिरीवर नवीन पोराला शिकवताना त्याच्या कमरेला दोरी बांधतात. दोरीचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात असतं. पोरगं पोहायला लागलं की दोरी सुटते. मग ती गुंडाळून घरी न्यायची नसते. काठावर दुसरं पोरगं उभं असतं, ती त्याच्या कमरेला बांधायची असते. मिहिर सेन यांनी आयुष्यभर हेच केलं. अशा या थोर जलतरणपटूला माझे विनम्र अभिवादन.